माफी, मुदतवाढ आणि खुलासा : ब्रिटिश व्हिसा-नकाराविरुद्धच्या मुदतबाह्य अपिलाची भाषा

१. विषयाची व्याप्ती

कायद्याच्या भाषेचा अभ्यास बहुधा कायद्याच्या संहितेपासून सुरू होतो आणि तेथेच थांबतो. परंतु कायद्याशी सामान्य माणसाचा जो प्रत्यक्ष संबंध येतो तो संहितेशी नव्हे, तर अर्ज, नोटीस, निवेदन, शपथपत्र अशा लहान लहान लेखांशी येतो. या लेखांचे शब्द कोणी निवडले, कोणत्या परंपरेतून ते आले आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांचा अर्थ कसा घेतला, यांवर कित्येकदा एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरते. अशा लेखांपैकी एकाचाच येथे विचार करावयाचा आहे. ब्रिटनने व्हिसा नाकारल्यानंतर अपिलाची मुदत उलटून गेली असता, उशिरा का होईना पण अपील ऐकून घ्यावे म्हणून जे निवेदन करावे लागते, ते हा या लेखाचा विषय होय.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. 'व्हिसा' हा शब्द मूळ लॅटिन; 'पाहिलेला कागद' या अर्थाच्या शब्दयोजनेचा तो अवशेष आहे. १९६२ सालच्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्यापूर्वी भारतीय नागरिकाला ब्रिटनमध्ये प्रवेश करण्यास आजच्यासारखे निर्बंध नव्हते. निर्बंध आले, तेव्हा त्यांविरुद्ध दाद मागण्याची सोयही असावी असा विचार पुढे आला. सर रॉय विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६७ साली तसा अहवाल दिला आणि १९६९ च्या कायद्याने स्थलांतरविषयक अपिलांची स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली. या यंत्रणेची रचना पुढे अनेकदा बदलली. फेब्रुवारी २०१० पासून ती दोन पायऱ्यांची आहे : खालची पायरी फर्स्ट-टियर ट्रायब्यूनलची, म्हणजे प्रथमस्तर न्यायाधिकरणाची, आणि वरची अपर ट्रायब्यूनलची, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकरणाची.

मात्र न्यायाधिकरण आहे म्हणून प्रत्येक नकाराविरुद्ध अपील आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. नातेवाइकांच्या भेटीसाठी जाणाऱ्या अर्जदारांचा पूर्ण अपिलाचा हक्क २०१३ साली काढून घेण्यात आला. २०१४ च्या कायद्याने, जो एप्रिल २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने अमलात आला, हा हक्क मुख्यतः आश्रयाच्या आणि मानवी हक्कांच्या दाव्यांपुरता मर्यादित केला. विद्यार्थी-व्हिसा नाकारला गेल्यास सामान्यतः अपील नसते. प्रशासकीय फेरतपासणी मागता येते, आणि ब्रिटनबाहेरील अर्जदाराला तिच्यासाठी २८ दिवस मिळतात. उलट ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पतीकडे अथवा पत्नीकडे जाऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला नकार मिळाला, तर कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या आधारे अपील करता येते. तेव्हा या लेखात जो अर्जदार डोळ्यांसमोर आहे तो विद्यार्थी नसून, पुण्यात, कोल्हापुरात किंवा मडगावात बसून लेस्टरच्या अथवा लंडनच्या घराकडे डोळे लावलेली पत्नी, पती किंवा मूल आहे. मुदत चुकली की अशा माणसाला नव्याने अर्ज करावा लागतो, नव्याने शुल्क भरावे लागते आणि वियोगाचे आणखी काही महिने काढावे लागतात. प्रश्न केवळ कागदाचा नाही तो यामुळेच.

२. 'परवानगी' या शब्दाचे दोन अर्थ

'मुदत संपल्यावर अपिलाची परवानगी मागितली' असे वाक्य मराठी बोलण्यात सहज येते. परंतु त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र होतात, आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज पुढील विवेचन समजणार नाही.

पहिली गोष्ट अशी. गृहखात्याच्या नकाराविरुद्ध प्रथमस्तर न्यायाधिकरणाकडे जे अपील करावयाचे, त्याला कायद्याने हक्क दिलेला असेल तर कोणाची परवानगी लागत नाही. ते मुदतीत केले की दाखल होते. मुदत उलटली असेल तर मात्र न्यायाधिकरणाने मुदत वाढवून द्यावी लागते. येथे मागणी असते ती परवानगीची नव्हे, मुदतवाढीची.

दुसरी गोष्ट अशी की, प्रथमस्तर न्यायाधिकरणाने अपील फेटाळल्यावर वरिष्ठ न्यायाधिकरणाकडे जावयाचे असेल तर २००७ च्या न्यायाधिकरणविषयक कायद्याप्रमाणे परवानगी आवश्यक असते, आणि तीही केवळ कायद्याच्या प्रश्नावर मिळते. 'निर्णय मला मान्य नाही' एवढे म्हणून भागत नाही. 'निर्णय देताना कायद्याची चूक झाली' असे दाखवावे लागते. ही परवानगी प्रथम प्रथमस्तर न्यायाधिकरणाकडेच मागावयाची असते. तेथे नकार मिळाल्यास ती वरिष्ठ न्यायाधिकरणाकडे पुन्हा मागता येते. या दोन्ही मागण्यांना स्वतंत्र मुदती आहेत. म्हणजे परवानगीचा अर्जच उशिरा आला तर मागण्या दोन होतात : एक मुदतवाढीची, दुसरी परवानगीची. त्यांपैकी पहिली मान्य झाल्याखेरीज दुसरीला अर्थ उरत नाही. २०११ साली वरिष्ठ न्यायाधिकरणाने हे स्पष्ट केले आहे. अर्ज उशिरा आला असून मुदतवाढीचा विचार न करताच एखाद्या न्यायाधीशाने परवानगी दिली, तर ती परवानगी सशर्त समजावयाची. मुदतवाढीचा प्रश्न नंतर उपस्थित होतो आणि तो अर्जदाराविरुद्ध सुटला तर हाती आलेली परवानगीही निरुपयोगी ठरते.

मराठीत 'परवानगी' हा एकच शब्द दोहोंसाठी वापरला जातो आणि त्यामुळे अर्जदाराच्या मनात एक घोटाळा उत्पन्न होतो. आपली बाजू किती न्याय्य आहे हे पटविले की उशिराचा प्रश्न आपोआप मिटेल, असे त्याला वाटते. वस्तुतः उशिराचा प्रश्न आधी आणि स्वतंत्रपणे सोडविला जातो. २०१४ च्या प्रक्रिया-नियमांतील विसावा नियम त्याला प्राथमिक प्रश्न म्हणूनच हाताळतो. अपील उशिरा आले असेल तर त्याच्याबरोबरच मुदतवाढीचा अर्ज असला पाहिजे, आणि वेळेत अपील का झाले नाही याचे कारण त्यात असले पाहिजे, असे तो नियम सांगतो. तसा अर्ज नसेल तर न्यायाधिकरणाने, स्वतःहून मुदत वाढविली नसल्यास, संबंधिताला लेखी कळवावयाचे असते. त्यावर अपील मुदतीतच होते असे म्हणण्याची किंवा मुदतवाढ मागण्याची संधी त्याला मिळते.

३. 'पाठविले' आणि 'मिळाले'

उशीर झाला की नाही हे ठरविण्यासाठी मुदत कोठून मोजावयाची हे ठरले पाहिजे. या ठिकाणी नियमांची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये असलेल्या व्यक्तीने नकाराची नोटीस 'पाठविल्यापासून' १४ दिवसांत अपील करावयाचे असते. ब्रिटनबाहेर असलेल्या व्यक्तीने, सामान्यतः, नोटीस 'मिळाल्यापासून' २८ दिवसांत करावयाचे असते. दिवसांच्या संख्येतील फरक कोणाच्याही ध्यानात येतो; क्रियापदांतील फरक सहसा येत नाही. 'पाठविणे' या क्रियेचा कर्ता शासन आहे, आणि तिची तारीख शासनाच्या दप्तरात नोंदलेली असते. 'मिळणे' ही मात्र अर्जदाराच्या बाजूने घडणारी घटना आहे. मराठीत तर या क्रियापदाबरोबर माणूस कर्ता म्हणून येतच नाही. 'तिला नोटीस मिळाली' अशी चतुर्थीची रचना होते. मिळणे हे माणसाच्या इच्छेवर अवलंबून नाही, ते त्याच्या बाबतीत घडते, हा अर्थ भाषेनेच सांगितलेला आहे.

कायदा मात्र या घडण्यालाही गृहीतकाची चौकट घालतो. नोटिशींसंबंधीच्या २००३ च्या विनियमांप्रमाणे टपालाने पाठविलेली नोटीस ब्रिटनमधील पत्त्यावर दुसऱ्या दिवशी आणि ब्रिटनबाहेरील पत्त्यावर अठ्ठाविसाव्या दिवशी पोहोचली असे धरले जाते. मात्र ते उलट सिद्ध होईपर्यंतच. तद्वतच प्रतिनिधीच्या हाती पडलेली नोटीस ही अर्जदाराच्याच हाती पडली असे मानले जाण्याचा संभव असतो. म्हणून 'नोटीस उशिरा मिळाली' हे विधान करण्यापूर्वी, ती कोणाला, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या दिवशी मिळाली, हे सांगता आले पाहिजे. काही प्रकरणांत असे आढळते की नीट मोजल्यास उशीर झालेलाच नाही. अशा वेळी मुदतवाढ मागणे हा दुय्यम मार्ग होय. अपील मुदतीतच आहे हे प्रथम म्हणावयाचे आणि ते न पटल्यास मुदतवाढ द्यावी, असे पुढे जोडावयाचे.

४. दोन परंपरा, दोन शब्द

भारतीय न्यायालयांत उशिराच्या प्रश्नाला जो शब्द रूढ आहे तो 'विलंबमाफी'. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील पाचव्या कलमाने, पुरेसे कारण दाखविल्यास उशिरा आलेले अपील दाखल करून घेण्याचा अधिकार न्यायालयास दिला आहे. त्यासाठी जो अर्ज केला जातो त्याला महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात 'विलंब माफीचा अर्ज' असेच म्हणतात. आश्चर्याची गोष्ट ही की त्या कलमात 'माफी' या अर्थाचा शब्द नाही. तेथे केवळ दाखल करून घेण्याची भाषा आहे. माफीची कल्पना न्यायालयीन व्यवहारातील इंग्रजीने रूढ केली, आणि मराठीने तिला 'माफी' हा आपल्या परिचयाचा, अरबीतून आलेला शब्द दिला. ब्रिटनच्या नियमांत मात्र माफीचे नाव नाही. तेथे वेळ 'वाढविली' जाते.

हा फरक केवळ शब्दांचा आहे काय? एका दृष्टीने होय. कारण भारतीय न्यायालयेही शेवटी कारणच पाहतात. अनंतनाग येथील भूसंपादनाच्या प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने चार दिवसांच्या उशिरासंबंधी उदार दृष्टी स्वीकारली, आणि प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा या सूत्राचा अर्थ हटवादीपणे लावू नये असे सांगितले. १९९८ सालच्या एका निर्णयात तर ८८३ दिवसांचा विलंब माफ केलेला कायम ठेवताना, उशिराच्या लांबीपेक्षा खुलाशाची ग्राह्यता महत्त्वाची, असे प्रतिपादन केले. तेव्हा भारतीय कायद्यातही दयेपेक्षा कारणालाच वजन आहे.

परंतु शब्द जो लेखनप्रकार निर्माण करतो त्याचा प्रश्न वेगळा आहे. 'माफी' हा शब्द मध्यभागी असला की अर्जाला विनवणीचे रूप येते. 'सविनय सादर', 'कृपावंत होऊन', 'उदार अंतःकरणाने', 'काही अपरिहार्य कारणांमुळे', 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' अशी वाक्ये त्याच्या अनुषंगाने येतात. मराठी अर्जाच्या परंपरेत ही वाक्ये उद्धट नसल्याची खूण आहेत; त्यांनी अर्जदार आणि अधिकारी यांच्यातील अंतर मान्य केले जाते. त्यांच्यात माहिती नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही नसते. 'अपरिहार्य कारणांमुळे' हा शब्दसमूह तर कारण सांगितल्यासारखे दाखवून ते न सांगण्याचेच काम करतो. हाच लेख इंग्रजीत उतरवून ब्रिटिश न्यायाधिकरणासमोर ठेवला असता, तेथील न्यायाधीशाला त्यात सभ्यता दिसेल, पण जे नियमाने मागितले आहे ते दिसणार नाही. नियमाने मागितले आहे ते कारण.

या संदर्भात ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली सबबींविषयी जे व्याख्यान दिले त्यातील भेद उपयोगी पडतो. कृत्याचे समर्थन करणे म्हणजे कृत्य आपले हे मान्य करून त्यात वावगे काही नव्हते असे म्हणणे. सबब सांगणे म्हणजे कृत्य चांगले नव्हते हे मान्य करून त्याची पूर्ण जबाबदारी आपली नव्हती असे म्हणणे. मुदतबाह्य अपिलाचे निवेदन हे समर्थन नव्हे. नियम मोडला आहे हे त्यात गृहीतच आहे. ती क्षमायाचनाही नव्हे. कारण क्षमा मागताना माणूस जबाबदारी स्वतःकडे घेतो आणि दुसऱ्याच्या औदार्यावर विसंबतो. ते मूलतः ऑस्टिन यांच्या अर्थाने सबब आहे. परंतु मराठीत 'सबब' या शब्दाला खोटेपणाची छटा लागलेली असल्यामुळे त्यासाठी 'खुलासा' हाच शब्द अधिक योग्य ठरतो. कार्यालयीन मराठीत 'खुलासा मागविला' म्हणजे काय घडले ते कारणांसह लिहून देण्यास सांगितले. खुलाशात नम्रता असावी. पण नम्रता म्हणजे खुलासा नव्हे.

५. तीन प्रश्न

न्यायाधिकरण खुलासा कोणत्या कसोटीवर पाहते? २००६ साली तत्कालीन न्यायाधिकरणाने अपिलाच्या कारणांची सबलता, निर्णयाचे परिणाम, उशिराची लांबी आणि प्रतिपक्षाचे होणारे नुकसान या गोष्टी विचारात घ्यावयास सांगितल्या होत्या. पुढे जुलै २०१४ मध्ये अपील न्यायालयाने डेंटन प्रकरणात सर्वसाधारण दिवाणी दाव्यांसाठी तीन पायऱ्यांची कसोटी घालून दिली, आणि स्थलांतराच्या प्रकरणांतही तिचा अवलंब होऊ लागला. पहिला प्रश्न : नियमभंग किती गंभीर आणि किती महत्त्वाचा? दुसरा : तो का घडला? तिसरा : सर्व परिस्थिती पाहता न्याय्य काय होईल?

या तीन प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याचे उत्तर अंकांत देता येते. दोन दिवसांचा उशीर आणि दोन महिन्यांचा उशीर सारखा नाही. दुसऱ्याचे उत्तर कथनात द्यावे लागते. तिसऱ्यात मात्र दोन्ही बाजूंचा विचार येतो : अर्जदारावर होणारा परिणाम, प्रतिपक्षाची अडचण, नियम पाळले जाण्याची गरज, आणि मुदतवाढ मागण्यातही झालेली दिरंगाई. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुबळे असले म्हणून अर्ज तेथेच संपत नाही. पण त्याचे वजन तिसऱ्या प्रश्नावर पडतेच.

त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात अपील न्यायालयाने स्थलांतरासह अन्य प्रकरणे एकत्र ऐकून काही गोष्टी निःसंदिग्धपणे सांगितल्या. वकील नव्हता, एवढ्यावरून चांगले कारण सिद्ध होत नाही. वकिलासाठी पैसे नव्हते, हेही सामान्यतः पुरेसे नाही. शासकीय कार्यालयावर कामाचा ताण होता, हेसुद्धा चांगले कारण नव्हे. म्हणजे हा नियम सरकारलाही लागू आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अपिलातील मूळ बाजू अत्यंत सबळ किंवा अत्यंत दुर्बल असल्याशिवाय तिच्या गुणदोषांत मुदतवाढीच्या वेळी सहसा शिरावयाचे नाही. अर्जदाराच्या मनातील घोटाळ्याचा जो उल्लेख वर आला, त्याचे उत्तर या शेवटच्या विधानात आहे. 'आमचे लग्न खरे आहे' हे कितीही सत्य असले तरी 'अपील अठरा दिवस उशिरा का?' या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही.

६. दुसऱ्याच्या हातून झालेली चूक

प्रत्यक्षात उशिराचे कारण पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती असते : एजंटाने पत्र पुढे पाठविले नाही, वकिलाने मुदत चुकीची मोजली, पत्ता बदलल्याची नोंद झाली नाही. याविषयी इंग्रजी न्यायविचारात दोन टोके आढळतात. १९८९ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका इराकी विद्यार्थ्याचे प्रकरण आले. त्याच्या वकिलांनी सुनावणीची तारीख त्याच्या जुन्या पत्त्यावर कळविली. तो हजर राहू शकला नाही आणि अपील फेटाळले गेले. तो निर्णयही त्यांनी जुन्याच पत्त्यावर कळविला आणि पुढील अपिलाची मुदतही निघून गेली. चूक वकिलांची असल्यामुळे नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असे म्हणता येत नाही, असा निर्णय लॉर्ड्सनी दिला. पुढे २००७ साली अपील न्यायालयाने, आश्रय मागणाऱ्यांच्या प्रकरणात, प्रतिनिधीच्या प्रक्रियाविषयक चुका सरसकट पक्षकाराच्या माथी मारण्याचे कोणतेही सर्वसाधारण तत्त्व नाही, असे सांगितले.

दोन्ही निर्णयांचे क्षेत्र वेगळे असल्याने त्यांतून एक सोपा नियम काढणे धोक्याचे आहे. निवेदन लिहिणाऱ्याने घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. 'एजंटाची चूक' एवढे दोन शब्द पुरत नाहीत. एजंटाला काय सांगितले होते, केव्हा विचारणा केली, त्याने काय उत्तर दिले, चूक कळल्यावर कोणत्या दिवशी काय केले, हे सर्व आले पाहिजे, आणि शक्य तेथे त्याचा लेखी पुरावा जोडला पाहिजे.

७. एक कल्पित उदाहरण

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पिता येईल. पुण्यातील एका स्त्रीचा पत्नी-व्हिसा नाकारला गेला. नोटीस ३ मार्च रोजी तिच्या एजंटाकडे ई-मेलने आली. एजंटाने ती २४ मार्चला तिला दिली. २८ दिवसांची मुदत ३१ मार्चला संपली. अपील १८ एप्रिलला, म्हणजे अठरा दिवस उशिरा दाखल झाले. या अपिलासोबत दोन प्रकारची निवेदने संभवतात. पहिले असे :

'काही अपरिहार्य घरगुती अडचणींमुळे अपील वेळेत करावयाचे राहून गेले. तरी कृपया झालेला विलंब उदार मनाने माफ करावा, ही नम्र विनंती.'

दुसरे असे :

'३ मार्चची नोटीस एजंटाकडे आली. ती मला २४ मार्चला मिळाली. त्याचा त्या दिवशीचा ई-मेल जोडला आहे. २५ मार्चला मी पतीला लंडनमध्ये वकील पाहण्यास सांगितले. २७ मार्चला माझ्या वडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ९ एप्रिलला ते घरी आले. त्या काळात त्यांच्याजवळ मी एकटीच होते. रुग्णालयाचा दाखला जोडला आहे. ११ एप्रिलला कागदपत्रे वकिलाकडे पाठविली. मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर १६ एप्रिलला मिळाले आणि १८ एप्रिलला अपील दाखल केले.'

दोन्ही निवेदने खरीच आहेत, असे समजू. पहिल्यातील 'राहून गेले' ही संयुक्त क्रियापदाची रचना मराठीची एक खास लकब आहे. तिच्यात क्रिया न घडल्याचे सांगितले जाते, पण न करणारा कोण ते सांगितले जात नाही. बोलणाऱ्याचा हेतू नव्हता, हेही त्याच रचनेतून सुचविले जाते. मराठी श्रोता ही सूचना ओळखतो. इंग्रजी भाषांतरात ती नाहीशी होते आणि उरते ते केवळ कर्ता नसलेले एक वाक्य. न्यायाधीशाच्या दृष्टीने मात्र 'कोणी, केव्हा, काय केले' हाच प्रश्न असतो. दुसऱ्या निवेदनात प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे, आणि बहुतेक सर्व क्रियांना तारीख आहे.

तरीही दुसरे निवेदन निर्दोष नाही. चिकित्सक वाचक त्यात दोन जागी थांबेल. पहिली जागा २४ ते ३१ मार्च ही. त्या सात दिवसांत मुदत शिल्लक होती, तेव्हा साधी अपिलाची सूचना का पाठविली नाही? दुसरी जागा भाषांतराची. इंग्रजी नसलेल्या कागदपत्रांसोबत भाषांतर द्यावे लागते हे खरे. परंतु अपील आधी करून भाषांतर मागाहून देता आले नसते काय? या प्रश्नांना उत्तर नसेल तर ते बनवू नये. असेल ते लिहावे. 'आधी अपील करता येते हे माहीत नव्हते' हे सत्य असेल तर तसेच म्हणावे. ते कारण दुबळे ठरेल, पण लपविलेल्या पोकळीपेक्षा उघड दुबळे कारण बरे; कारण एका तारखेविषयी संशय उत्पन्न झाला की तो पुढे विवाहाच्या खरेपणापर्यंत पोहोचू शकतो. अपिलात शेवटी अर्जदाराच्या शब्दावरच विश्वास ठेवावयाचा असतो, आणि त्या शब्दाची पहिली परीक्षा या लहानशा निवेदनातच होते.

८. समारोप

न्यायाधिकरणाने मुदत वाढविण्यास नकार दिला तर त्या नकाराविरुद्ध न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग असतो. पण तो खर्चाचा आणि अरुंद आहे. वरिष्ठ न्यायाधिकरणाने परवानगी नाकारल्यावर पुढे जाण्याची वाटही २०२२ च्या कायद्याने बहुतांशी बंद केली आहे. वरचे दरवाजे असे एकेक मिटत गेल्यामुळे खालच्या दरवाजातील निवेदनाचे महत्त्व वाढले आहे. ज्याला वकील परवडतो त्याचे निवेदन वकील लिहितो. ज्याला परवडत नाही तो स्वतः लिहितो, किंवा घरातील इंग्रजी शिकलेल्या मुलाकडून लिहून घेतो. आणि तेव्हा लेखणीला जुन्या अर्जाचेच वळण असते.

या वळणात अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या व्यवहारात ते घडले तेथे ते योग्यच होते, आणि आजही अनेक ठिकाणी आहे. दोष असलाच तर तो एवढाच की, एका संस्थेसाठी घडलेला लेखनप्रकार दुसऱ्या संस्थेसमोर जसाच्या तसा ठेवला जातो, आणि तो बदलला पाहिजे हे कोणी सांगत नाही. भाषांतरकार शब्द बदलतो, प्रकार बदलत नाही. उपयोजित भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे : मराठी अर्जांचे नमुने गोळा करणे, त्यांतील कर्त्याविना रचनांची आणि ठरावीक शब्दसमूहांची नोंद करणे, भाषांतरात त्यांचे काय होते ते तपासणे, आणि त्या आधारे अर्जदारांना समजेल असे साधे मार्गदर्शन तयार करणे. माफी मागणे मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. तारखांच्या क्रमाने, पुराव्यासह आणि कर्त्यासह खुलासा लिहिणे मात्र शिकवावे लागते; आणि ते शिकविणे हे विधिज्ञाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.